साहेबाचं पाणी

सिंदेवाहीची जुनी ट्रॉली नागभीडला नेऊन टाकायची होती. तिथं तिच्या फळ्या जाळणार, चाकं भंगारात जाणार. चार लोखंडी चाकं, वर लाकडी बाक. पूर्वी साहेब रूळ तपासायला निघाले की माणसं तिला मागून ढकलत रुळावरूनच पळायची. अनवाणी. वहाणा घातल्या तर पाय सटकतो, म्हणून त्या काढून बाकाखाली ठेवायच्या. आता मोटारीची ट्रॉली आली होती.

सत्तावन्न सालचा मे. मुकादम मुखरूनं सुरई भरून बाकाला बांधली, स्वतः वर बसला आणि इसरूला ढकलायला लावलं. दोनच्या पॅसेंजरच्या आत पोचायचं होतं.

"मुखरूभाऊ, उतरा ना थोडं," इसरू धापा टाकत म्हणाला. "बसून बसून मुळव्याध होईन तुमाले."

"मंग ब्रेक कोन लावन? तुझा सासरा?"

इसरू हसला. मुखरू हसला नाही. इसरूचा थोरला भाऊ दसरू दोन वर्षांपूर्वी याच ट्रॉलीमागं मेला होता. दारू पिऊन उन्हात पळाला, असं मुखरूनं गावात सांगितलं होतं. गावानं मानलं.

खरं काय ते एकट्या मुखरूला ठाऊक होतं. त्या दिवशी साहेब वाटेतच उतरून गेले होते. ट्रॉलीवर फक्त त्यांची सुरई होती; डाव्या रुळावरून मुखरू आणि उजव्या रुळावरून दसरू ढकलत होते. तळोधीच्या चढावर, एका मोहाच्या झाडाखाली, दसरूचे तळवे फुटले. त्यानं पाणी मागितलं. मुखरू म्हणाला, "साहेबाचं पाणी हाये. पुढं चाल." दसरू दहा पावलं चालला आणि खडीवर पडला. तो हलायचा थांबला, तेव्हा मुखरूनं मोहाच्या सावलीत बसून ती सुरई तळापर्यंत पिऊन टाकली.

ही ट्रॉली एकदा मोडली, की आपण सुटलो, असं त्याला वाटत होतं.

तोच मोह आला. इसरू थांबला.

"मुखरूभाऊ, पाय पोयून राह्यले. घोटभर पाणी द्या ना."

अगदी दसरूचाच आवाज. मुखरूनं सुरई सोडून इसरूच्या हातात दिली.

"पी. वहाणा घाल अन् वर बस. मी ढकलतो."

"ऊन लागलं का तुमाले?" म्हणत इसरू चढून बसला, तोंड पुढं करून.

मुखरूनं वहाणा काढल्या, डाव्या रुळावर पाय ठेवला. दोन वर्षं बसून तळवे मऊ पडले होते. तव्यावर ठेवल्यासारखे चरचरले. समोर चढ होता, इथं दोघांचाही दम निघायचा. पण ट्रॉली हलकी लागली.

फार हलकी.

उजव्या रुळावर कुणीतरी पळत होतं. चप्... चप्... ओल्या तळव्यांचा आवाज. जळक्या कातडीचा वास आला. रानातले किडे एकाएकी गप्प झाले. मुखरूनं उजवीकडं पाहिलं नाही. ट्रॉली आणखी जोरात निघाली.

"इसरू... ब्रेक लाव..."

इसरूची पाठ हलली नाही.

"पाणी दे रे... एक घोट..." मुखरू धापा टाकत म्हणाला.

उजव्या खांद्याजवळून कुणीतरी हळूच म्हणालं, "साहेबाचं पाणी हाये... पुढं चाल."

मुखरूचे हात सुटले. तो खडीवर कोसळला. ट्रॉली मात्र जराही न मंदावता चढ चढत गेली.

संध्याकाळी रूळकामाच्या माणसांना तो तिथंच सापडला. तोंड उघडं. तळव्यांची कातडी रुळाला चिकटलेली.

पण ते संध्याकाळी. ट्रॉली दीड वाजताच नागभीडला पोचली होती. यार्डातला जमादार वहाब समोरून येत होता. त्यानं दुरूनच हाक मारली, "इसरू, एकटाच कसा रे आला? मुखरू कुठी हाये?"

इसरूनं पहिल्यांदाच मागं वळून पाहिलं. मग मांडीवरच्या रिकाम्या सुरईकडं.

"एकटा काऊन? मुखरूभाऊनंच आनलं ना ढकलत," तो म्हणाला. "चढ संपला तवा म्या हात मांगं करून सुरई देल्ली. त्यायनं सारी पिऊन वापस देल्ली... पावलं तं आत्ता थांबली, तुमी हाक मारली तवा."