गलबत त्याचं, मत तिचं

पाऊस आमच्या आखातातल्या मुहर्रकमध्ये वर्षातून दोन-चारदाच येतो, पण आला की गल्ल्यांना वाटतं आपण समुद्रच झालो. त्या दुपारीही तसंच. करक चहाच्या खिडकीवर एवढीशी ताडपत्री, तिच्याखाली अख्खा मोहल्ला कोंबलेला, आणि मधोमध लूलवा. मनगटात अडकवलेल्या सँडल, कानाशी फोन, आणि आवाज असा की चहावाल्याचं साखरेकडे लक्ष नाही.

“नाही हो खाला, अजून मत दिलेलंच नाही त्याने. उद्या मतदान संपतंय आणि आपला व्हॅलिडेटर ढाराढूर झोपलाय. आपल्या स्टेकच्या जिवावर बसलाय तिथे, आणि—”

“झोपला नाहीये,” तिच्या मागून कुणीतरी हळूच म्हणालं. “चहाच्या रांगेत आहे.”

लूलवा वळली. उंच, भिजलेला, चष्म्यावर चहाची वाफ. तो चष्मा पुसायला गेला तर शर्टही ओलाच... मग तसाच, काही न दिसता, तिच्याकडे बघून हसला.

“मी घानिम. ‘मिजदाफ’ माझं.”

मिजदाफ म्हणजे वल्हं. आणि हेच नाव तिच्या आईच्या भिशीतल्या सगळ्या बायकांच्या फोनमध्ये व्हॅलिडेटर म्हणून होतं.

हे व्हॅलिडेटर प्रकरण आईने बायकांना फार झकास समजावलं होतं. “ब्लॉकचेन म्हणजे समुद्र. व्हॅलिडेटर म्हणजे नाखुदा. गलबत हाकणार तो, आपण आपला स्टेक, म्हणजे गुंतवलेले पैसे, त्याच्या गलबतात ठेवायचा. स्टेक जितका जास्त, तितकं गलबत मोठं. पहिल्या शंभर गलबतांनाच समुद्रात जायला आणि कमवायला मिळतं, बाकीची धक्क्यावर. समुद्राचे कायदे बदलायचे असले की नाखुदे मत देतात. आपण गप्प बसलो तर नाखुद्याचं मत तेच आपलं.”

“आणि नाखुदा नाही पटला तर?” उम्म जाबिरने विचारलं होतं. भिशीतली सगळ्यात वडीलधारी बाई ती, आणि सगळ्यात तिखटही.

“तर गलबत बदलायचं. एक बटण दाबलं की झालं. आपल्या आजोबांना कुठे होती ही सोय.” यावर सगळ्या हसल्या होत्या. एकाच नाखुद्याच्या कर्जात जन्म काढलेल्या, मोती काढणाऱ्या पाणबुड्यांच्याच नाती त्या.

तर तो नाखुदा आत्ता चहाच्या रांगेत नाक पुसत उभा होता.

“मी शेवटच्या दिवशीच मत देतो,” तो म्हणाला. “सगळ्यांचं म्हणणं वाचून. आणि तुमचं मत काही माझ्या खिशात नाही. तुम्ही स्वतः मत दिलंत की तुमच्या स्टेकपुरतं माझं मत बाजूला पडतं. गलबत सोडायचीसुद्धा गरज नाही.”

“माहितेय मला,” लूलवा फणकारली.

(हे वाक्य जरा लक्षात ठेवा. पुढे तिनेच ते विसरायचं होतं.)

“मग तुमची गरज काय?” तिनेच पुढे विचारलं.

“तुम्हाला चहा पाजायला कुणीतरी हवंच ना. तुमचा कप तुम्ही मघाशी बोलता बोलता त्या काकांना दिलात.”

खरंच दिला होता. तिला हसू फुटलं, ते आवरायचं राहून गेलं... आणि त्याने नेमका तेव्हाच चष्मा पुसला.

मंगळवारी भिशी. लूलवाने घानिमला बोलावलं, ‘बायकांच्या शंका फिटाव्यात म्हणून’. बायकांना शंका होत्याच, पण वेगळ्या.

“घर कुठे तुझं?”

“आई काय करते?”

“दुबईच्या कंपनीची नोकरी आली आहे म्हणे तुला. जाणार आहेस?”

“बघू,” तो म्हणाला. “मिजदाफ चाललं तर कशाला जाऊ?”

समोर बलालीतची, म्हणजे गोड शेवयांची, थाळी, आई कॉफी ओततेय. आमच्याकडे पाहुण्याने कप हलवला की पुरे, नाहीतर ओतत राहायचं. घानिम कप हलवायचं विसरत होता, कारण त्याचे डोळे खिडकीपाशी होते, जिथे लूलवा उम्म जाबिरच्या फोनवरचं इंग्रजी वाचून दाखवत होती. आईने पुन्हा ओतलं. पुन्हा.

“याच्याकडून काही आशा नाही गं,” उम्म जाबिर मोठ्याने म्हणाली. “मनात मागणी घेऊन आलेला माणूस होकार ऐकेपर्यंत कॉफीला ओठ लावत नाही, कप खाली ठेवतो. हा तर विहीर उपसतोय.”

घानिम कानापर्यंत लाल झाला आणि तोही कप प्यायला.

त्यानंतर काय सांगू... कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, चालताना दोघं मतदानाबद्दलच बोलायची, बरं का. ती म्हणायची, मोठे व्हॅलिडेटर न वाचताच ‘हो’ दाबतात. तो म्हणायचा, लोकही न वाचताच मोठ्यांकडे स्टेक ठेवतात. मध्येच वारा यायचा, तिच्या डोक्यावरचा शेला उडायचा, तो समुद्राकडे बघायचा. असं बघायचा की समुद्रालाच लाज वाटावी. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

आणि मग लूलवाने तो प्रस्ताव मांडला.

फोनमधलं स्टेकचं वॉलेट सगळं इंग्रजीत, अक्षरं मुंगीएवढी. म्हणून दर वेळी सगळ्या बायका आपले फोन लूलवाच्या हातात द्यायच्या. तिला हे खटकायचं. स्टेक त्यांचा, बोट तिचं, हे कसं? म्हणून प्रस्ताव असा: ब्लॉकचेनच्या सामाईक निधीतून अरबी वॉलेट बनवायचं, उजवीकडून डावीकडे, मोठ्या अक्षरांत, वाचून दाखवणारं. ती आणि तिच्या ऑफिसातल्या दोघी ते बनवायला तयार होत्या.

“मसुदा बघतोस?” तिने विचारलं.

“नको,” तो म्हणाला. “हा मला दाखवू नकोस.”

“का?”

“मतदान संपलं की सांगतो.”

मतदान संपायचं होतं त्या मंगळवारी, असरच्या, दुपार कलतानाच्या अजानला. होकार आणि नकार इतके घासून चालले होते की लूलवाचं जेवणावर लक्ष नव्हतं. भिशीतल्या बायका तिच्याभोवती कोंडाळं करून बसलेल्या. आणि यादीत मिजदाफ उमटलं.

तटस्थ.

“म्हणजे काय गं?” उम्म जाबिरने विचारलं.

“म्हणजे हो नाही आणि नाही पण नाही,” लूलवा म्हणाली. “म्हणजे आपण सगळ्या मिळून गप्प.”

“तुझ्या प्रस्तावावर? तो विहीरवाला?”

“फोन द्या,” लूलवा म्हणाली. “सगळ्यांनी. कुणाची हरकत आहे?”

कुणाचीच नव्हती. तिने एक मोठं, परदेशी गलबत निवडलं, ज्याने आधीच ‘हो’ म्हटलं होतं. फोनमागून फोन. स्टेक इकडून उचलला, तिकडे ठेवला. बोट थांबलं नाही. शेवटी तिचा स्वतःचा. अजान झाली आणि प्रस्ताव पास झाला. बायकांनी टिपेला जाऊन जीभ घोळवत आनंदाचा यबाब लावला, शेजारची मांजर पळाली. लूलवा मात्र यादी बघत होती. पहिल्या शंभरांत ‘मिजदाफ’ कुठेच नव्हतं. तसंही ते काठावर होतं, आणि काठ या बायकांनीच धरून ठेवला होता.

तिला वाटलं, बरं झालं. मग वाटलं... नाही. मग ती तडक घानिमच्या आजोबांच्या शेडकडे निघाली, जिथे पूर्वी गलबतं दुरुस्त व्हायची आणि आता मिजदाफचं मशीन घुंघुं करायचं.

घानिम दाराच्या पायरीवर बसला होता. चष्मा हातात.

“अभिनंदन,” तो म्हणाला. मनापासून.

“तटस्थ का राहिलास?”

“मतदान संपलं ना? मग सांगतो.” त्याने चष्मा पुसला, जो पुसलेलाच होता. “माझ्या गलबतात अनोळखी माणसांचाही स्टेक आहे, लूलवा. त्यांच्या वतीने मी वाचतो, तोलतो. तुझा मसुदा आला आणि... न वाचताच मला ‘हो’ म्हणावंसं वाटलं. त्यात नुसती अरबी वर्णमाला लिहिली असतीस तरी म्हटलं असतं. जो माणूस तोलू शकत नाही त्याने तराजू धरू नये.”

मशीन घुंघुं करत होतं.

“मला वाटलं, तू स्वतः ‘हो’ देशील,” तो पुढे म्हणाला. “तुला माहितेय म्हणालीस ना, पहिल्याच दिवशी. स्वतःचं मत दिलं की माझं बाजूला पडतं. गलबत सोडायची...”

“...सुद्धा गरज नाही,” लूलवा म्हणाली आणि तिने कपाळावर हात मारला.

खरंच, प्रत्येक फोनवर ‘हो’ दाबलं असतं तरी प्रस्ताव तितकाच पास झाला असता. तिने रागाच्या भरात मत द्यायचं सोडून माणूस सोडला होता.

“थांब, आत्ता परत आणते,” ती फोन काढत म्हणाली. बटण दाबलं. फोन म्हणाला, नाही. पुन्हा दाबलं. नाही.

“नुकताच हलवलेला स्टेक तीन आठवडे पुन्हा हलवता येत नाही,” घानिम म्हणाला. “चांगला नियम आहे. नाहीतर लोक दर भांडणाला गलबतं बदलत बसतील.”

“हसू नकोस. दुबईला काय कळवलंस?”

आता तो हसायचा थांबला. “महिनाअखेर उत्तर मागितलंय. धक्क्यावर बसून मशीनचं वीजबिलही निघत नाही.”

“महिनाअखेर कधी?”

“तीन आठवडे संपतात, त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

तिने त्याच्याकडे बघितलं. त्याने तिच्याकडे. मशीन मात्र त्याने बंद केलं नाही... तेवढं तिने पाहून घेतलं.

ते तीन आठवडे लूलवा झोपली की नाही कुणास ठाऊक. निधी हातात यायची वाट न बघता तिने आणि दोन मैत्रिणींनी कच्चं का होईना, अरबी वॉलेट उभं केलं. रोज संध्याकाळी ती शेडच्या पायरीवर बसून ते घानिमकडून तपासून घ्यायची.

“हे बटण फार लहान आहे,” तो म्हणायचा.

“तुझा चष्मा पुस.”

“पुसलाय.”

“मग माझ्याकडे नाही, बटणाकडे बघ.”

ठरलेल्या दिवशी भिशीत लूलवाने सगळ्यांपुढे हात मागे बांधले. “आज मी कुणाच्याही फोनला हात लावणार नाही. मागच्या वेळी राग माझा होता आणि गलबतं तुमची बदलली, ते चुकलं. आता अक्षरं मोठी आहेत, भाषा तुमची आहे. राहायचं त्यांनी राहा, परतायचं त्यांनी परता.”

बायका चष्मे लावून बसल्या. फोन मोठमोठ्याने अरबीत बोलू लागले. कुणी चुकीचं दाबलं, कुणी फोनलाच ‘हो रे बाबा’ म्हणाली. एकेक स्टेक परतायला लागला. लूलवाने आपलाही परत ठेवला.

उम्म जाबिर हलेना.

“खाला?”

“माझा नवा नाखुदा बरा आहे. कॉफी पीत नाही.”

लूलवाचा चेहरा पडला, पण हात तिने मागेच ठेवले. शब्दाला जागली. उम्म जाबिर तिच्याकडे बघून पुटपुटली, “एवढं काय तोंड पाडायचं,” आणि अर्धा स्टेक परत पाठवला. “अर्धाच. बाकीचा त्याची वागणूक बघून.”

तेवढ्याने झालं. यादीच्या अगदी तळाशी, शेवटच्या पायरीवर, मिजदाफ पुन्हा समुद्रात होतं.

दारावर थाप पडली. घानिम आत आला, इस्त्रीचा पांढरा पायघोळ थोब घालून, आणि त्याच्या मागे त्याची आई, हातात हलव्याचा डबा. तो कोपऱ्यात अवघडून बसला.

“दुबईला काय कळवलंस?” लूलवाच्या आईने चोचदार दल्ल्यातून कॉफी ओतत विचारलं.

“अजून काही नाही, खाला. आधी इथलं मतदान होऊ दे म्हटलं.”

त्याने कप घेतला. क्षणभर हातात धरला. आणि न पिता, न हलवता, हळूच समोरच्या गालिच्यावर ठेवला.

खोलीतला प्रत्येक फोन गप्प झाला. वेलचीचा वास तेवढा चालत राहिला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. लूलवाच्या आईचा हात हवेतच राहिला, आणि मग तिने कुठलीही आई करते ते केलं, शेला सावरून लेकीच्या वतीने बोलायला तोंड उघडलं.

“युम्मा,” लूलवा म्हणाली, “थांब. माझं मत मी स्वतः देते.”

ती उठली. चार पावलं चालली असेल, पण उम्म जाबिर आजही सांगते की ती पोरगी कॉर्निशएवढी चालली. घानिमसमोर गुडघ्यांवर बसली. त्याच्या चष्म्यावर कॉफीची वाफ जमली होती आणि त्याला बहुधा काहीच दिसत नव्हतं.

तिने कप उचलून त्याच्या हातात दिला.

“पी,” ती म्हणाली. “थंड होतेय.”