टेगनचा पट्टा

दार लावून घे रे, आणि दोन लाकडं टाक चुलीत. सांगतो, पण मधे खिदळायचं नाही. हे मी खुद्द क्लाइव्ह टिल्यर्डच्या तोंडून ऐकलंय, आणि क्लाइव्ह माशाच्या लांबीखेरीज कशातच खोटं बोलत नाही.

गेल्या वर्षीचा अठ्ठावीस डिसेंबर, शनिवार. क्लाइव्ह आणि त्याची लेक टेगन संध्याकाळी ट्राउट धरायला आपल्या या पठारावरच्या नदीत उतरले. सकाळच्या न्याहारीला दोन मासे हवे होते, एवढंच काम. छातीपर्यंतच्या रबरी विजारी, वरून कमरेला आवळलेला पट्टा. पट्टा नसताना पाय घसरला तर विजारीत पाणी भरतं आणि माणूस तळाला जातो. टेगनला हे चौथ्या वर्षापासून पाठ.

अंधार पडला तरी मासे वर येत होते.

"बाबा, चल ना आता! तुझ्यापेक्षा बगळे शहाणे, वेळेवर घरी गेले."

"शेवटचा एकच गळ टाकतो गं."

"तासाभरात हा सातवा शेवटचा."

पावणेदहा झाले. चंद्र नव्हता. बॅटरी लावली की मासे बुजतात, हे आपलं सगळ्यांचं खूळ. म्हणून पुढच्यानं काठीनं तळ चाचपायचा, मागच्यानं त्याचा पट्टा धरून चालायचं. तसेच निघाले.

मधल्या धारेत टेगन थांबली.

"बाबा, माझा पट्टा सोड."

"मी पुढे आहे, टेगन."

...

"मग कुणी धरलाय?"

बॅटरी खिशात होती. क्लाइव्हनं लावली नाही. त्याला बघायचंच नव्हतं.

"मागे वळू नकोस," तो म्हणाला.

हात धरून ओढलं. ती येईना. उलट मागे चालली. पाणी कमरेला होतं... छातीला लागलं.

"बाबा... बाबा..."

पट्टा कापावा तर, घसरली की संपली. न कापावा तर...

त्यानं सुरी काढली. चाचपत चाचपत कापला.

ती सुटली. दोघं धडपडत काठावर आले, जवळच्या त्यांच्या मुक्कामाच्या खोपटात शिरले, कडी घातली. रात्रभर एकमेकांचे हात धरून बसले. क्लाइव्ह सांगतो, एवढा मी आयुष्यात भ्यालो नव्हतो.

उजाडल्यावर त्यानं दार उघडलं.

बाहेरच्या खिळ्याला टेगनचा पट्टा टांगलेला. ओलाचिंब. बकल लावलेलं.

क्लाइव्हनं तो बोटांनी दोनदा पूर्ण चाचपला...

कुठेच कापलेला नव्हता.