रुआँच्या वळणावरची भिंत

शेकोटीत एक लाकूड सारा रे, आणि जरा जवळ सरकून बसा. ही ऐकीव गोष्ट नाही. वडशाच्या नाटक कंपनीत मी पडद्याची दोरी ओढायचो आणि खुशाल पेंटर पडदे रंगवायचा. त्याच्याच घरची गोष्ट.

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर खुशाल भुकटीचे रंग आणायला बाजारात निघाला. रस्त्याचा, म्हणजे रस्त्यावरच्या प्रवेशात नटांमागे सोडतात तो, नवा पडदा करायचा होता. खाटेवरून बायकोने, सत्यशीलाने, हाक मारली. सहा महिन्यांचा ताप, डॉक्टरांनी हात टेकलेले. तिच्या उशाशी एक चित्र असायचं. कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेल्या फ्रेंच साहेबाने खुशालला दिलेलं, त्याच्या जुन्या शहराचं, रुआँचं. नदीवर पूल, पुढे कमान, कमानीवर सोनेरी घड्याळ, शेवटी भलंमोठं चर्च. चर्चच्या मागून वळलं की रस्ता फिरून पुलावरच येतो, एका दिवसात सगळं बघून होतं, असं साहेब म्हणाला होता.

"मले एकडाव फिरवून आना नं तिथी."

"अवं, तुले चांद्याले नेनं होत नाई, फ्रान्सले कुठून नेऊ?"

"मंग पडद्यात तरी टाका."

रस्त्याच्या पडद्यावर माणूस काढत नाहीत. पुढे नट ये-जा करतात, मागचा रंगवलेला एकटाच खिळल्यासारखा दिसतो. पण आजारी बायकोपुढे कसला नियम? खुशालने अख्खं रुआँ रंगवलं आणि पुलाच्या तोंडाशी बोटभर सत्यशीला काढली. हिरवं लुगडं, आपल्याकडे पाठ.

तिसऱ्या प्रयोगाला ती कमानीखाली होती.

खुशालला वाटलं, जागरणाने डोळे फिरले. घरी आला तर सत्यशीला उशीला टेकून हसत होती. कित्येक दिवसांनी.

"घड्याळ पायलं जी. लय मोठं हाये. आता चर्च पाईन. मंग मागून वळलं का पूल, अन् पूल आला का घर."

खुशालने पडद्यातली गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती. तो घाबरला.

तेवीस जानेवारी, शहाऐंशी. गुरुवार. कुरखेड्याच्या वाटेवरच्या एका गावात प्रयोग होता. रात्री अडीचला मी रस्त्याचा पडदा सोडला. सत्यशीला तांदळाएवढी झाली होती. चर्चच्या कोपऱ्यावर. एक पाऊल टाकलं की वळणाआड.

खुशालने माझं मनगट धरलं. "भाऊ, त्या वळनामागं म्या काईच काढलं नाई... नुसतं कापड हाये. गेली तं गेलीच."

प्रवेश संपला. पडदा वर घ्यायच्या आत त्याने ब्रश विटकरी रंगात बुडवला आणि वळणावर भिंत घातली. पक्की. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग खाली वाकून पाहिलं...

भिंतीच्या अलीकडे कोणी नव्हतं.

आणि माझ्या हातातली दोरी हलली. वारा नव्हता. थप... थप... कापडाला मागून कोणीतरी... मी मागे जाऊन पाहिलं. कोणी नाही. थप... मग तेही थांबलं.

खुशाल अंधारातच सायकलवर निघाला. मी मागोमाग. उजाडताना वडशाला पोचलो. शेजारची केसरबाई खुशालच्या दारात बसून होती. आमच्याकडे पाहून तिने पदर तोंडात कोंबला.

"रातभर बरी होती, भाऊ. अडीच वाजता उठून बसली. म्हने, चर्च पाहून झालं, आता वळून राह्यली. मंग एकदम... भिंत कोनं घातली, म्हने. हात आपटून राह्यली हवेत. उघडा जी, उघडा जी... तुमालेच हाका मारत होती."

"म्याच घातली वं..." खुशाल एवढंच बोलला. येत होती ती. घरीच येत होती.

आत खाटेवर ती पडली होती. तापाची कळा गेलेली, चेहरा निवलेला. मुठी तेवढ्या आवळलेल्या. खुशालने एकेक बोट सोडवलं.

दोन्ही तळवे विटकरी. रंग अजून ओला होता.