सहरीच्या वेळी उघडलेलं दार

रमजानात उपाशीपोटी डोकं चालत नाही, असं अबू निझारचं मत होतं. डोकं चालायला आधी असावं लागतं, असं रुबा अक्रूशचं. अम्मानमध्ये खासगी तपास करणाऱ्या या बाईचा तो मदतनीस. एकेकाळी फौजदार होता, यावर आता त्याचाच विश्वास बसत नसे.

नुहा आली ती रडतच.

"बाई, आमच्या शीतगोदामातून इन्सुलिन चोरीला जातंय. मालक हिकमतसाहेब म्हणतात, तूच चोर. आज मला पोलिसांत देणार!"

गोदामात हिकमतसाहेबांनी संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवलं. शीतखोलीचं दार उघडलं की नोंद होते. मागणी नसताना दार उघडल्याच्या नोंदी क्वेरीने, म्हणजे संगणकाला घातलेल्या प्रश्नाने, तारखेनुसार गटांत घातल्या होत्या, मोठा आकडा सर्वांत वर. वरच्या साऱ्या तारखा नुहाच्या. एक दिवस पाळी तिची, एक दिवस तिच्या सहकाऱ्याची, घस्सानची.

"आकडे खोटं बोलत नाहीत," साहेब म्हणाले.

"आकडे मुके असतात, साहेब. क्वेरी कोणाची?"

"माझी," संगणकावरचा यझन ऐटीत म्हणाला. "इथलं सगळं मीच मोजतो. सहरीची, पहाटेच्या जेवणाची ताटंसुद्धा. ती मात्र पाळीनुसार. तारखेनं मोजली तर एकेकाच्या नावावर दोन-दोन ताटं लागतात. आचारी जीव घेईल माझा!"

घस्सान आधीच तापलेला होता.

"मला काय विचारता? सहरीला आम्ही सगळे अंगणात जेवतो. माझी किल्ली खुंटीला. नुहा मात्र जेवतानाही गळ्यात घालून बसते, जशी काही सोन्याचीच! अन् हा यझन आमच्यात येत नाही. आत एकटाच लबने-पाव खातो. शिष्ट लेकाचा!"

रुबा संगणकापुढे बसली. गट पाडणाऱ्या 'ग्रुप बाय'पुढची तारीख खोडून तिने पाळी लिहिली. सगळे गट झरकन घस्सानच्या नावावर गेले.

अबू निझार उठला. "धरू याला?"

"बस खाली. अजून क्रम लावायचाय."

तिने त्या नोंदी 'ऑर्डर बाय'ने तासानुसार लावल्या. एकूण एक सहरीच्या वेळेच्या निघाल्या.

"रमजानात पाळी इफ्तारनंतर सुरू होते, पहाटे संपते," रुबा म्हणाली. "मध्यरात्र उलटली की तारीख बदलते, माणूस बदलत नाही. घस्सानच्या पाळीतली चोरी म्हणून नुहाच्या तारखेवर पडली. पण त्या वेळी घस्सान सगळ्यांदेखत अंगणात होता. किल्ली खुंटीला, आणि आत एकच माणूस."

यझनचा चेहरा उतरला. "चूक झाली, बाई. बाकीचे महिने गोदाम रात्री बंद असतं. सवयीनं तारीख लिहिली."

"दुसऱ्या कोणाचं हे ऐकलं असतं. ताटं मोजताना तुला पाळी कळते, चोरी मोजताना कळत नाही?"

अबू निझारने यझनचं मनगट पकडलं. एवढं काम त्याला उपाशीपोटीही जमत होतं.

"पोरी, चुकलो मी," हिकमतसाहेब खालच्या आवाजात म्हणाले.

नुहाचं तिकडे लक्षच नव्हतं. ती यझनसमोर उभी राहिली.

"कुठं ठेवलं होतंस ते? थंडीत ना?"

"गाडीच्या डिकीत," तो पुटपुटला.

"या उन्हात?" तिने फोन काढला. "कोणाकोणाला विकलंस, नावं सांग. रागवायला नंतर वेळ आहे. लोक ते बिघडलेलं इन्सुलिन टोचून घेतायत रे!"