ज्या समुद्रात कुणालाच पिल्ले नव्हती

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरच्या जीवसंग्रह केंद्रात पारखी नावाचा यंत्रमानव आहे. समुद्रतळाच्या गाळातून निघालेले जीव तो निवडतो, त्यांची छायाचित्रे काढतो आणि कोणता जीव कोणत्या प्रजातीचा (म्हणजे ज्यांची आपसांत जोडी जमून वंश चालतो अशा गटाचा) ते सांगतो. माणसाला ज्या कामाला महिना लागे, ते तो जेवणाच्या सुट्टीआधी उरकतो. माझ्या आईला सापडलेल्या जीवाचा निकाल लावायला तर त्याला दोन वाक्ये पुरली.

"ही वेगळी प्रजाती नाही. ही मोठ्या प्रजातीची पिल्ले आहेत."

माझी आई, डॉ. कुमुदिनी सामंत, याच केंद्रात काम करायची. ती जाऊन अजून वर्षही झालेले नाही. समुद्रतळाचे अपृष्ठवंशी (पाठीचा कणा नसलेले) जीव हा तिचा विषय. त्यांतही खेकडे-कोळंबीचे असे चिमुकले भाऊबंद, की जे चिमटीत धरले तर सापडायचेच नाहीत. किनाऱ्यापासून थोड्या आत एका वाळूच्या पट्ट्यावर तिला दोन प्रकार मिळाले होते. एक तांदळाच्या कणीएवढा, त्याला नाव होते. दुसरा राजगिऱ्याच्या दाण्याएवढा, त्याला नाव नव्हते. मोठ्याच्या शेवटच्या पायावर दोन काटे, लहानाच्या एकच. हा वेगळा आहे, असे आई म्हणायची. पण नाव द्यायची घाई तिने केली नाही. पिल्लांसकट मादी मिळाली की देईन, म्हणायची. ती मिळण्याआधीच आई गेली.

आता त्या पट्ट्यावरची वाळू उपसायचे ठरले होते. फक्त तिथेच राहणारी एखादी प्रजाती निघाली तरच उपसा थांबणार होता. म्हणून मी मिहिकाला, माझ्या मुलीला, घेऊन केंद्रात आले होते.

काट्याचे काय, असे मी विचारले. वाढताना दुसरा काटा फुटत असेल, असे पारखी म्हणाला. मग जनुके (पेशीत असलेली, आईबापांकडून आलेली माहिती) वाचून बघ, असे मिहिकाने सुचवले. त्यावर तो म्हणाला की जनुकवाचन स्वतंत्र नोंद असलेल्या जीवाचेच होते, आणि हा जीव वेगळा ठरल्याशिवाय स्वतंत्र नोंद होत नाही.

"म्हणजे प्रवेश मिळाल्याशिवाय परीक्षा नाही आणि परीक्षेशिवाय प्रवेश नाही," मिहिका म्हणाली. "छान आहे तुमची शाळा."

केंद्राचे प्रमुख डॉ. तिरोडकर तिथेच होते. एके काळी ते आईचे विद्यार्थी. त्यांनी खुर्ची पुढे केली, पाणी मागवले, आणि मग हळूच म्हणाले, "हेमाताई, मॅडमवर माझी श्रद्धा आहे. पण श्रद्धेवर नोंद होत नाही."

"श्रद्धा तुम्ही यंत्रावर ठेवली आहे," मी म्हणाले. "आईने पुरावा शोधत वर्षे घालवली."

मला संताप आला होता, आणि लिहिताना तो पुन्हा येतो आहे. बिबट्याला कुणी 'वाघाचे पिल्लू' म्हटले असते, तर वर्तमानपत्रांनी त्याला सोडले नसते. पण जीव राजगिऱ्याएवढा असला की त्याच्याबद्दल काहीही म्हणावे. छोटा आहे ना, मग पिल्लूच असणार. संपला विषय.

मिहिका माझ्याहून जास्त चिडली होती. ती सातवीत आहे आणि बसचा वाहक तिला अजून चौथीतली समजतो. उंचीवरून वय ठरवणाऱ्यांवर तिचा जुना राग आहे.

"तू लहानपणी कसा होतास?" तिने पारखीला विचारले.

"मी लहान नव्हतो."

"तरीच."

मग ती माझ्याकडे वळली. एखादा जीव बुटका आहे की खरेच लहान आहे, हे ओळखायचे कसे?

मी तिला आईने मला सांगितले होते तसे सांगितले. या जीवांच्या माद्या अंडी पाण्यात सोडून देत नाहीत. पोटाखाली, पायांच्या मुळांशी, पातळ पापुद्र्यांची एक पिशवी तयार होते. अंडी तिच्यातच उबतात आणि पिल्लेही काही काळ तिच्यातच राहतात. ही झाली पिल्लूपिशवी. ती भरलेली दिसली की समजावे, ही मादी पूर्ण वाढलेली आहे, मग आकार काहीही असो. पिल्लाला पिल्ले होत नाहीत.

मिहिकाने थोडा विचार केला. "पारखी, तू आजवर भरलेल्या पिशव्या किती पाहिल्यास? सगळ्या जातींच्या मिळून सांग."

"एकही नाही."

"एवढ्या हजारो जीवांत?"

"एकही नाही."

"म्हणजे तुझ्या समुद्रात कुणालाच मुले होत नाहीत? मग ही पिल्ले, पिल्ले म्हणतोस, ती आली कुठून?"

तिरोडकरांनी हातातला पेला खाली ठेवला. पारखी कधी चुकत नाही म्हणून त्याला कुणी विचारले नव्हते, आणि कुणी विचारले नाही म्हणून त्याने सांगितले नव्हते.

गाळ धुतोस कसा ते दाखव, असे मी त्याला म्हटले. त्याने थोडा गाळ बारीक चाळणीवर घेतला आणि वरून पाण्याची जोरदार धार सोडली. गाळ झटकन निघून गेला, जीव चाळणीवर उरले. काम चोख होते. पण त्या धारेने माद्यांच्या पिशव्या उलगडत होत्या, आणि आतली पिल्ले चाळणीच्या भोकांतून थेट मोरीत जात होती.

आईची चाळणी मला आठवली. ती वरून पाणी कधी ओतत नसे. टबात समुद्राचे पाणी घ्यायची, चाळणी त्यात अर्धी बुडवायची आणि पाळण्यासारखी हलकेच झुलवायची. गाळ आपोआप खाली उतरायचा. मी घाई करायला लागले की विचारायची, "तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना कुणी डोक्यावर नळ सोडतं का?"

त्या पट्ट्यावरच्या गाळाचा एक डबा शीतपेटीत न धुतलेला उरला होता. तिरोडकरांनी तो स्वतः आणला आणि बाह्या वर केल्या. "मॅडमनी मला याच टबापाशी उभं केलं होतं," एवढेच म्हणाले. आम्ही तिघांनी आळीपाळीने चाळणी झुलवली. पारखी बाजूला उभा राहून पाहत होता. बराच वेळ गेला. मग निवडलेले जीव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले.

मिहिकालाच ती दिसली. राजगिऱ्याएवढी मादी. शेवटच्या पायावर एकच काटा. पोटाखाली फुगलेली पिशवी, आणि पापुद्र्याआड दाटीवाटीने बसलेली पांढुरकी पिल्ले. त्यांना पायांची शेवटची जोडी अजून फुटलेली नव्हती. या जीवांच्या अगदी तान्ह्या पिल्लांची हीच खूण. मिहिका बाजूला सरकली आणि तिने मला जागा दिली.

पारखीनेही पाहिले. "ही वाढलेली मादी आहे," तो म्हणाला. "दुसरा काटा आता फुटणार नाही. माझा निकाल चुकीचा होता. स्वतंत्र नोंद उघडतो." मग म्हणाला, "धार वापरून दिलेले माझे आधीचे सगळे निकाल पुन्हा तपासावे लागतील."

"लागतीलच," मिहिका म्हणाली. "मी येते शनिवारी."

जनुके वाचली. दोन्ही वेगळ्या प्रजाती निघाल्या, आणि लहान प्रजाती दुसरीकडे कुठेच सापडलेली नव्हती. त्या पट्ट्याला अजून कुणी हात लावलेला नाही.

नव्या प्रजातीचा एक नमुना कायमचा जपून ठेवतात. पुढे कधी शंका आली तर जगातल्या कुणालाही तो पाहून पडताळा घेता येतो. याला नामनमुना (ज्याच्यावर नाव टिकून राहते तो नमुना) म्हणतात. नाव देणाऱ्याने आपलेच नाव द्यायचे नाही, असा शास्त्रज्ञांचा रिवाज आहे. दुसऱ्याचे द्यायला हरकत नाही. तिरोडकरांनी 'कुमुदिनी' सुचवले आणि माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली.

नमुना म्हणून तीच मादी निवडली. पारखीने विचारले, पिल्ले काढून वेगळ्या कुपीत ठेवायची का?

"नको," मी म्हणाले. "एकत्रच असू दे."

त्याने पिशवीला धक्का लागू न देता तिला कुपीत सोडले. मग पुढच्या गाळासाठी टब भरायला घेतला. पाणी त्याने कडेने, अगदी हळू ओतले.