मधल्या खोलीतली गादी

बाळ मांडीवर झोपलंय, तेवढ्यात लिहून घेते. कुणाला पटो न पटो, यातलं काहीही मी रचलेलं नाही.

साल १९५३. माघ महिना. कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं आमचं घर. आणि वेळ रात्रीची नव्हे...

भर दुपारची.

आमच्याकडे धोंडुबाई भांडी घासायला यायच्या. सासूबाईंच्याच वयाच्या. दुखणंही दोघींना एकच, ब्लडप्रेशर. डॉक्टरांनी दोघींना बजावलेलं, दुपारी झोपत जा. सासूबाईंसाठी मधल्या खोलीत कापसाची नवी गादी आली. धोंडुबाईंना मी विचारलं, तर त्या हसल्या.

"झोपते की वैनी. चार घरची भांडी तुमच्या डाक्टरनं घासली, की लगीच झोपते."

एका सकाळी त्या आमच्या मागच्या नळापाशीच कोसळल्या. उठल्या नाहीत.

त्यांचं दहावं झालं, त्या दुपारी सासूबाई आणि मी सोप्यात शेंगा फोडत होतो. बाळ आमच्यापाशी. हे शाळेत शिकवायला गेलेले. घरात दुसरं कुणी नव्हतं.

आणि मधल्या खोलीतून...

घोरण्याचा आवाज आला.

संथ. खोल. राबून आलेलं माणूस घोरतं, तसा.

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. मी आत डोकावले. गादीवर कुणी नव्हतं. पण मधोमध... खड्डा पडलेला.

हात लावला. गादी ऊन लागली.

मग रोज दुपारी तेच. सासूबाईंची झोप उडाली. त्या लेकीकडे नृसिंहवाडीला निघून गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, बाळाला त्या खोलीत नेऊ नकोस.

मी नेलं नाही. तेच रांगत गेलं.

मी परसात दुपटी वाळत घालत होते. आत आले तर सोप्यात बाळ नाही...

ते गादीवर होतं. गाढ झोपलेलं. पण डोकं गादीला टेकलेलं नव्हतं. चार बोटं वर होतं... कुणाच्या दंडावर ठेवल्यासारखं.

खोलीत दोन श्वास चालले होते.

उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "धोंडुबाई, माझं लेकरू द्या हो."

घोरणं थांबलं.

बाळाचं डोकं हळू, अगदी जपून, खाली टेकलं. मी झडप घालून त्याला छातीशी धरलं. त्याच्या अंगाला भांड्यांच्या राखेचा वास येत होता.

गादीतला खड्डा हळूहळू भरून आला. कुणीतरी उठलं होतं.

आणि मागच्या नळापाशी... भांडी घासायचा आवाज सुरू झाला.

तेव्हापासून घोरणं नाही. घासणं मात्र थांबत नाही. दिवसा नाही, रात्री नाही. नळापाशी जाऊन बघितलं तर दगड कोरडा.

मागच्या दारात उभी राहून कितीदा सांगितलं, "राहू द्या धोंडुबाई. पडा जरा."

मधल्या खोलीतली गादी मी रोज झटकून घालते. दार लोटून घेते. कान देऊन बसते.

कुणी झोपत नाही.