देवकाबाईचा तिसरा टाका

देवळीला मी गेलो तो नुसतं तोंड दाखवायला. देवकाबाई माझी पेशंट. तिच्या दहाव्याला डॉक्टर आला म्हणजे घरच्यांना बरं वाटतं. २००१ सालची गोष्ट. खोटं कशाला बोलू, लाज तेव्हाही वाटतच होती.

तिचं जठर छातीत सरकायचं. ते खाली ओढून छाती-पोटामधल्या पडद्याचं भोक टाक्यांनी आवळायचं, म्हणजे पुन्हा वर जात नाही. तीन टाके हवे होते. मला नागपूरला लग्नाला जायची घाई. दोनच घातले आणि कागदावर तीन लिहिले. सहा महिन्यांनी ती उलट्या घेऊन परत आली, तर मीच नवऱ्यासमोर तिच्यावर डाफरलो, वजन उचललं असशील म्हणून. जठर पुन्हा वर जाऊन त्याला पीळ पडला होता. दुसऱ्या ऑपरेशनमध्ये टेबलावरच गेली.

नदीकाठी पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसलेले, पण एकही खाली उतरेना. ऊन चढलं, भाताला आंबूस वास सुटला. पोरांना सांभाळीन, दुसरी करणार नाही, असं तिचा नवरा रूपराव एकेक कबूल करत गेला. शेवटी रडतच म्हणाला, "मीच तुले घागर उचलाले लावली व... एकच डाव. माह्यापायी गेली तू."

कावळा हलला नाही.

तेव्हा मी मनातल्या मनात, ओठसुद्धा न हलवता म्हणालो, देवकाबाई, तिसरा टाका मी घातलाच नव्हता.

फडफड झाली. कावळा पिंडाला शिवला.

सगळे सुटल्यासारखे उठले. रूपरावनं कबूल केलं म्हणून शिवला, असंच जो तो म्हणाला. तो मान खाली घालून ऐकत होता. मेल्या, आता तरी बोल, असं स्वतःला म्हणत मी चपला शोधत राहिलो. असा भेकड मी.

रूपराव माझ्याजवळ आला, हात जोडले. तोंड उघडलं आणि आवाज निघाला तो बारीक, दर दोन शब्दांनी ढेकर गिळणारा. तो आवाज मी दवाखान्यात वर्षभर ऐकला होता.

"साहेब... माह्याच कानात सांगतलं तुमी... याले सांगा ना..."

मग त्यानं डोळे पुसले आणि स्वतःच्या आवाजात विचारलं, "काय म्हटलं मी, साहेब?"

"काही नाही," मी म्हणालो.